पाडव्याला पुसलेल्या खुणा

माझ्या नवऱ्याचा आकडा वाढलाय हे मला शनवारा चौकात, औषधांच्या दुकानासमोर कळलं, आणि तेही एका केळीच्या शेतकऱ्याकडून. मी माझ्या बीपीच्या गोळ्या घ्यायला गेले होते. तो नदीपलीकडचा, जैनाबादचा माणूस. मला बघून त्यानं मोटारसायकल थांबवली, नमस्कार केला आणि म्हणाला, "वहिनी, टेन्शन नका घेऊ. थोडासाच तर वाढला आहे आकडा भाऊचा. सिकाई घेतली का बसून जाईल खाली."

मी विचारलं, कसला आकडा. त्याचा चेहरा उतरला. भाऊ सांगतीलच, असं काहीतरी पुटपुटून त्यानं किक मारली आणि गर्दीत शिरला. मी गोळ्या न घेताच घरी आले.

आकडा म्हणजे काय ते सांगते. वर्षभरापूर्वी इंदूरला यांचं ऑपरेशन झालं होतं. प्रोस्टेटची ग्रंथी काढली होती, कॅन्सर होता. ग्रंथीच काढून टाकल्यावर रक्तातला पीएसए नावाचा आकडा शून्याजवळ राहायला हवा. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं आणि आकडा खाली आहे म्हटल्यावर देवापुढे साखर ठेवायची, असं आमचं चाललं होतं. तो वर जायला लागला म्हणजे आजाराच्या काही पेशी आत कुठेतरी मागे राहिल्या आहेत, आणि त्यांच्यावर रेडिएशन द्यावं लागणार. त्यालाच आमच्या बुऱ्हाणपुरात सगळे सिकाई म्हणतात. हे सगळं यांना आठ दिवस आधी समजलेलं होतं, आणि त्याच संध्याकाळी नदीपलीकडेही समजलेलं होतं.

घरी आले तेव्हा हे पेपर वाचत बसले होते. मी चपला काढल्या नाहीत.

"जैनाबादला कळलेलं या घरात कधी कळणार होतं?"

यांनी पेपर खाली ठेवला. तू घाबरशील म्हणून थांबलो होतो, म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं, मी घाबरलेच असते. पण छत्तीस वर्षांच्या संसारानंतर घाबरायचा पहिला हक्क माझा होता, आणि तो यांनी भलत्याच माणसाला देऊन टाकला होता. आजाराची भीती मला त्या दिवशी दुपारनंतर वाटायला लागली. त्याआधी वाटला तो मत्सर.

मी शाळेत शिकवण्यात आयुष्य घालवलं. हे वीज खात्याच्या ऑफिसातून निवृत्त झाले. तरुणपणी यांच्या ऑफिसात दोन-तीन बायका होत्या, त्यातली एक तर दिसायला चांगली देखणी होती, पण माझ्या मनाला कधी काही शिवलं नाही. आणि साठी ओलांडल्यावर माझ्या वाट्याला मत्सर आला तो असा, पांढऱ्या मिशांच्या आणि केळीच्या चिकानं काळे झालेल्या हातांच्या एका माणसाचा. मी त्याचं नाव घेत नसे. घरात मी त्याला जैनाबाद म्हणायचे. आज जैनाबादचा फोन आला नाही का? जैनाबाद काय म्हणतंय? यांना त्यातला टोमणा कळत नसे, की कळून हे गप्प बसत, देव जाणे.

ओळख इंदूरच्या वॉर्डातली. दोघांची ऑपरेशनं एकाच आठवड्यात झाली, खाटा शेजारीशेजारी. लघवीच्या नळीला जोडलेल्या पिशव्या हातात धरून दोघं बोळातून फेऱ्या मारायचे, आणि मी मागून बघायचे. तेव्हा मला बरंच वाटलं होतं. माझा नवरा मुळात कमी बोलणारा. मुलीच्या लग्नात सुद्धा या माणसानं पाहुण्यांशी बोलायचं काम माझ्यावर ढकललं होतं. यांना एक सोबती मिळाला, वेळ जातो, असं मी मुलीला फोनवर सांगितलं होतं.

नंतर बुऱ्हाणपूरला आल्यावर हे रोज संध्याकाळी राजघाटावर जायला लागले. तो पूल ओलांडून यायचा. पायऱ्यांवर तासभर बसायचे. मला वाटायचं, केळीचे भाव, मुलांच्या नोकऱ्या, असलं काही बोलत असतील. ते काय बोलतात हे मला पुढे समजलं. ते बोलायचे लघवी थांबत नाही त्याबद्दल.

ऑपरेशननंतर असं होतं, डॉक्टरांनी मलाही सांगितलं होतं. खोकला आला, शिंक आली, जड पिशवी उचलली की थोडी गळते. काहींची लवकर थांबते, काहींची वर्ष-दोन वर्षं चालते. पण घरात यांनी त्याचा एक शब्द काढला नाही. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतः खाली कचऱ्यात टाकून यायचे. आतले कपडे स्वतः धुवायचे. रात्री उठावं लागतं, तुझी झोप मोडते, असं सांगून खाट बाहेरच्या खोलीत नेली. आणि न्हाणीघराची कडी लावायला लागले. आमच्याकडे ती कडी फक्त पाहुणे आले की लागायची. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी यांना टायफॉईड झाला होता, तेव्हा एकवीस दिवस मी यांचं सगळं केलं होतं, अगदी सगळं. आता त्याच माणसानं माझ्यासमोर बनियन बदलणं सोडलं. मी दोनदा दार वाजवून पाठ चोळू का म्हणून विचारलं. आतून उत्तर आलं, झालंच आहे माझं. पाणी अजून बादलीत पडत होतं, मला ऐकू येत होतं.

आणि हे सगळं त्या घाटावरच्या माणसाला माहीत होतं.

रेडिएशन जळगावला घ्यायचं ठरलं. इंदूरपेक्षा जवळ, सकाळच्या गाडीनं जाऊन दुपारनंतर परत येता येतं. तेहेतीस दिवस, शनिवार-रविवार सोडून. मी म्हटलं, मी येणार रोज. तेव्हा कळलं की जैनाबादही येणार आहे. त्याचाही आकडा उन्हाळ्यातच वाढला होता, पण केळीची काढणी आहे म्हणून तो टाळत होता. यांचा वाढल्यावर दोघांनी मिळून जायचं ठरवलं होतं, घाटावर बसून, मला न विचारता.

पहिला आठवडा मी गेले. गाडीत ते दोघं एका बाजूला, खिडकीशी, आणि मी समोर मांडीवर डबा घेऊन. हॉस्पिटलमध्ये यंत्र तळघरात होतं. तिथला नियम असा, की पोट साफ हवं आणि आतली लघवीची पिशवी भरलेली हवी, म्हणजे आतडी वर सरकतात आणि किरणं नको तिथे लागत नाहीत. म्हणून आधी तीन ग्लास पाणी प्यायचं आणि पाऊण तास धरून ठेवायचं. ज्या माणसाला शिंक सुद्धा महागात पडते त्यानं पाऊण तास धरायचं. मी बघत होते. हे पाय जुळवून, छताकडे बघत बसायचे आणि कपाळावर घाम यायचा. मी हातावर हात ठेवला की हात काढून घ्यायचे. तिसऱ्या दिवशी यांचा नंबर पुकारला तेव्हा हे उठले आणि तसेच परत बसले. माझ्याकडे बघितलं नाही. त्याच्याकडे बघितलं. तो उठला, आत गेला, तिथल्या टेक्निशियन बाईंना म्हणाला, आधी माझा घ्या, भाऊला अजून वेळ आहे. मग यांना उठवून बाजूला घेऊन गेला. परत आले तेव्हा यांनी खोचलेला शर्ट बाहेर काढून खाली ओढलेला होता. मी विचारलं, काय झालं? दोघं एकदम म्हणाले, काही नाही.

शुक्रवारी परतताना तो मला म्हणाला, "वहिनी, तुमी कायले रोज तकलीफ घेता? गुडघे दुखतात तुमचे. मी आहे ना."

यांनी मान हलवली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. "मी आहे ना" हे वाक्य आमच्या घरात माझं होतं. मुलीच्या बारावीला, सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात, यांच्या ऑपरेशनच्या सहीच्या वेळी, ते मीच म्हटलं होतं. सोमवारपासून मी गेले नाही. जा तुम्ही दोघं, म्हटलं. रागानं म्हटलं होतं, पण दोघांना ते ऐकून हायसं वाटलं हे मला दिसलं.

मग रोज सकाळी मी डबा करून द्यायचे. डाळ नको, कोबी नको, पोटात वारा धरेल असं काही नको, म्हणून मऊ भात, दुधी, पोळ्या. दोघांपुरत्या पोळ्या करायचे, कारण तो एकटा माझ्या नवऱ्यासमोर हॉटेलचं खाणार हे मला पटलं नसतं, आणि यांनी अर्ध्या पोळ्या त्याला दिल्याच असत्या. त्यापेक्षा मीच दिलेल्या बऱ्या. संध्याकाळी डबा रिकामा यायचा आणि त्याच्यासोबत निरोप, भाजी चांगली होती म्हणे वहिनींची. म्हणे. मला त्या निरोपाचा सुद्धा राग यायचा.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस हे घरी आले ते दुसऱ्याच माणसाच्या पायजम्यात. पट्ट्यापट्ट्यांचा, नाडीचा, खाली दोन बोटं आखूड. मी दार उघडलं आणि बघतच राहिले. हे म्हणाले, पाणी सांडलं गाडीत. मी म्हटलं, अस्सं. हे आत गेले, कडी लावली, आणि थोड्या वेळानं तो पायजमा बादलीत भिजत घातलेला मला मिळाला. त्यावर केळीच्या चिकाचे डाग होते. हा डाग जात नाही, इथल्या कुठल्याही बाईला विचारा. मी तो लिंबानं घासला, रॉकेलचा बोळा लावला, सोड्यात भिजवला. डाग राहू द्यायचा नाही ही माझी जन्माची खोड आहे. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी डाग घासत नव्हते. एखाद्या बाईला नवऱ्याच्या शर्टावर लांब केस सापडावा, तसा मला तो पायजमा सापडला होता, आणि मी काय विचारू शकत होते? तो माझ्या नवऱ्यासाठी जास्तीचा पायजमा पिशवीत ठेवतो, रोज. हे मला सुचलं नव्हतं. सुचलं असतं तर मी चार ठेवले असते.

मी त्याला कडक इस्त्री केली आणि तीन दिवस कपाटात ठेवून घेतला. चौथ्या दिवशी परत दिला, डागासकट.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाची आणि पाडव्याची यंत्राला सुट्टी होती. आमच्या गल्लीत हिंदी घरांतून पाडव्याला शेणाचा गोवर्धन घालतात, आम्ही दोन-तीन मराठी घरं मात्र आमचं आमचं करतो. पहाटे बायकोनं नवऱ्याला तेल-उटणं लावायचं, न्हाऊ घालायचं, ओवाळायचं. लग्न झाल्यापासून माझा पाडवा चुकला नव्हता, फक्त मागची दिवाळी सोडून. तेव्हा ऑपरेशनला दोनच महिने झाले होते, जखम नाजूक होती, आणि हे म्हणाले होते या वेळी नको. या वेळी मी विचारलंच नाही. पाट मांडला, वाटीत तेल कोमट केलं, उटणं दुधात कालवलं, आणि न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

"आज कडी लावायची नाही," मी म्हटलं. "वर्षभर जैनाबादचं ऐकलंत. आज माझं ऐकायचं."

यांनी कडीवरचा हात काढला. मग पंचा गुंडाळून पाटावर येऊन बसले.

चौदा महिन्यांनी मी माझ्या नवऱ्याच्या अंगाला हात लावत होते. पाठ अर्धी झाली होती. खांद्याची हाडं हाताला लागत होती. मी कपाळापासून सुरुवात केली, जसं दरवर्षी करते, मग मान, दंड, छाती, पोट. पोटावर ऑपरेशनचे छोटे छोटे पाच व्रण होते, ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितले. आणि बेंबीच्या बरंच खाली, पंचाच्या काठाशी, जांभळ्या शाईची एक फुली होती. बेरजेच्या चिन्हासारखी. कमरेच्या दोन्ही बाजूंना तशाच आणखी दोन, वर चिकटपट्टीचे सुटलेले तुकडे. मला वाटलं, जळगावच्या तपासणीतली शाई अंगावर राहिली आहे. या माणसानं कडी लावून स्वतःला कसंबसं विसळलं आहे, नीट घासलेलं नाही, आणि हॉस्पिटलचा डाग अंगावर घेऊन फिरतो आहे. मला दया आली आणि रागही आला.

मी चिकटपट्ट्या काढून टाकल्या. तेल जिरवलं, त्यावर उटणं चोळलं, पुन्हा तेल, पुन्हा उटणं. शाई पक्की होती. मी दुसरा पाट ओढून पुढ्यात बसले आणि अंगठ्यानं घासत राहिले, कमरेच्या उजव्या बाजूला, मग डाव्या, मग पोटावर. हे डोळे मिटून बसले होते. एकदा यांचा हात माझ्या मनगटाकडे आला, मला वाटलं थांबवतात की काय, पण त्यांनी तो माझ्या खांद्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. तिन्ही फुल्या गेल्या. मी गरम पाणी ओतलं, टॉवेलनं टिपलं, बाहेर येऊन ओवाळलं. हॉस्पिटलचा शेवटचा डाग सुद्धा माझ्या नवऱ्याच्या अंगावरून मी काढला, असं मला वाटत होतं. दिवसभर मी गाणं गुणगुणत होते. जैनाबादहून मावा जिलेबी आली तीही मी आनंदानं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती, पण यंत्र चालू झालं होतं म्हणून दोघं गेले. अकराच्या सुमारास त्याचा फोन मला आला. मला तो कधी फोन करत नसे, म्हणून मी हातातलं काम टाकून उचलला.

तो म्हणाला, "वहिनी, आज उशीर होईन. भाऊचे निशाण पुसले गेले ना. ते मॅडम लय नाराज झाल्या. निशाणाशिवाय मशीन कुठं लावतीन? आता परत फोटो काढतीन, नवे निशाण करतीन. भाऊ म्हणे का आपल्याच हातानं साबण जास्ती लागला."

मी कुठले निशाण हे विचारलं नाही. मला समजलं होतं. किरणं रोज अगदी त्याच जागी पडावीत म्हणून पहिल्या दिवशी मोजमाप घेऊन त्या फुल्या काढलेल्या होत्या, आणि तेहेतीस दिवस त्या जपायच्या होत्या, साबण सुद्धा लावायचा नव्हता. हे त्याला माहीत होतं, कारण त्याच्याही अंगावर होत्या. हे यांना माहीत होतं. फक्त मला माहीत नव्हतं, कारण सांगायचं म्हणजे दाखवावं लागलं असतं. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात खाली बसले. माझ्या हातांना अजून उटण्याचा वास येत होता. या हातांनी मी काय करून ठेवलं, किरणं आता भलतीकडे पडतील का, इतके दिवस वाया गेले का, काही सुचेना. भावाला ओवाळायला माहेरी जायचं होतं, तेही गेले नाही.

हे संध्याकाळी आले. मी दारातच विचारलं, नुकसान झालं का? नाही, म्हणाले. डॉक्टर म्हणाले एका दिवसानं काही बिघडत नाही, पुन्हा स्कॅन केला, उद्यापासून सुरू. मी पाणी दिलं. यांनी ते उभ्यानं प्यायलं.

"तुम्हाला माहीत होतं ना, त्या पुसायच्या नाहीत म्हणून?"

"होतं."

"मग मी घासत होते तेव्हा तोंडात काय गुळणी धरली होती?"

हे खुर्चीत बसले. पेल्याच्या काठावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "निशाण काय, त्या बाई परत काढून देतात. तू हात काढून घेतला असता, तर परत लावला असता की नाही, मला माहीत नव्हतं."

छत्तीस वर्षांत हा माणूस माझ्याशी असं बोलला नव्हता, लग्नाच्या पहिल्या वर्षात सुद्धा नाही. मला वाटत होतं मी बाहेर आहे आणि कडी आतून लागलेली आहे. आत बसलेल्या माणसाला वाटत होतं की आता ह्या अंगाला कोण हात लावणार. मला रडू आलं, ते मी पदराला पुसलं. आणि पहिला प्रश्न माझ्या तोंडून काय निघावा?

"हे त्यांना सांगितलंत?"

"कोणाला?"

"जैनाबादला."

"नाही," हे म्हणाले. "त्याला काय सांगायचं यात."

मला लाज वाटायला हवी होती. नवऱ्याची फेरी माझ्यामुळे चुकली होती, तो तिथे माझ्यासाठी खोटं बोलून बोलणी खाऊन आला होता. पण मला आनंद झाला. एक गोष्ट तरी होती जी नदी ओलांडून गेली नव्हती.

त्या रात्रीपासून खाट आतल्या खोलीत आली. नव्या खुणा यांनी मला दाखवल्या, दिव्याखाली उभं राहून, अवघडून, शाळेतल्या पोरासारखे. रोज सकाळी मी त्या तपासायचे, चिकटपट्टी सुटली असेल तर नवी लावायचे. पॅडचं पाकीट मी शनवाऱ्यातून स्वतः आणायला लागले, आणि दुकानदारानं कागदात गुंडाळून दिलं तर म्हणायचे, गुंडाळू नका, पिशवी आहे माझ्याकडे. पिशवीत दोन पायजमे मीच भरायचे. एक आखूडही शिवून घेतला, पट्ट्यापट्ट्यांचा, जैनाबादच्या मापाचा. त्याला दिला तेव्हा म्हटलं, तुमच्यावरही कधी वेळ येईल. तो म्हणाला, येते ना वहिनी, रोजच येते. हे मला माहीतच नव्हतं. मी इतके दिवस त्याच्याकडे फक्त माझ्या नवऱ्याला नेणारा माणूस म्हणून बघत होते, तोही पाऊण तास पाय जुळवून बसतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला वाईट वाटलं. पण म्हणून मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी हे घाटावर गेले की मी घड्याळ बघायचेच.

तेहेतीस दिवस झाले. शेवटी शेवटी दोघांनाही फार थकवा यायचा, जुलाब व्हायचे, लघवीला जळजळ व्हायची. मग ते सगळं हळूहळू कमी झालं. आता तीन महिन्यांनी रक्त द्यायचं आणि आकडा बघायचा. तो खाली आला तर रेडिएशननं काम केलं. नाही आला तर पुढचं काय, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण आम्ही दोघांनी ते पुन्हा कधी उच्चारलं नाही.

रक्त यांचं आधी द्यायचं होतं, त्याचं दुसऱ्या दिवशी, कारण त्याच्या शेतावर मजूर होते. रिपोर्टच्या दिवशी हे शनवाऱ्याला गेले तेव्हा मी म्हटलं नाही की मीही येते. मी शेंगदाणे निवडायला घेतले. निवडलेले शेंगदाणे पुन्हा निवडले. मी फक्त एवढंच ठरवलं होतं, की हे वाटेत कुठे थांबून फोन करतात की नाही हे विचारायचं नाही. विचारलं आणि उत्तर हो आलं, तर मला ते सहन होणार नव्हतं. आकडा काय आला याच्याइतकीच मला ती काळजी होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं होतं.

हे आले. खिशातून रिपोर्टचं पाकीट काढलं. ते बंद होतं, वरची पिन सुद्धा काढलेली नव्हती.

"चष्मा विसरलो," म्हणाले. चष्मा नाकावर होता. "तूच वाच."

मी घाईनं पाकीट उघडायला गेले. पिन बोटात घुसली. कागद उलगडला, इंग्रजीतल्या ओळींवरून बोट फिरवत खाली आले आणि आकडा वाचला. शून्य पॉइंट शून्य तीन. पुन्हा वाचला, मोठ्यानं. यांनी डोळे मिटले आणि पाडव्याला ठेवला होता तसाच हात माझ्या खांद्यावर ठेवला. मग डोळे पुसले आणि दुसऱ्या हातानं खिशातला मोबाईल काढला.

मी तो हात धरला.

"थांबा," मी म्हटलं. "पाच मिनिटं."

यांना समजलं. मोबाईल टेबलावर ठेवला. नदीपलीकडे तो माणूस फोनकडे डोळे लावून बसला असणार, हे मला माहीत होतं. त्याचा स्वतःचा आकडा अजून यायचा होता, आणि आमचा कळला असता तर त्याला थोडा धीर आला असता, हेही माहीत होतं. तरी मी चहाचं आधण ठेवलं. साखर टाकली, आलं किसलं, दूध घातलं. दोघांनी समोरासमोर बसून चहा प्यायला. ती पाच मिनिटं त्या आकड्यावर माझ्याशिवाय कोणाचा हक्क नव्हता.

मग मी कप विसळले, हात पुसले, आणि जैनाबादचा नंबर मीच लावला.